फॅमिली रूमचा गोंगाट

चतुर्थी आटोपते, किंवा आखातात नोकरीला असलेला भाऊ महिनाभराच्या रजेवर येतो, आणि डिचोली तालुक्यातल्या घरांत प्रश्न निघतो: सगळ्यांनी एकत्र बसायचं कुठे? घरीच जमावं तर बायकांचा दिवस रांधण्या-वाढण्यात जातो. ज्यांच्याशी बोलायला माणूस एवढ्या लांबून आला, त्याच स्वयंपाकघरात अडकून पडतात. म्हणून बाहेर जेवायचं ठरतं, आणि बाहेर म्हणजे बहुधा बार अँड रेस्टॉरंट. पाळी गावाहून साखळी, डिचोली, उसगाव कुठेही गाडीने लगेच पोचता येतं आणि वाटेवर अशा पाट्यांना तोटा नाही.

महाराष्ट्रातला वाचक इथे अडखळेल. आजीला घेऊन बारमध्ये? पुण्या-कोल्हापूरकडे बार म्हटलं की परमिट रूम डोळ्यांपुढे येते: काळ्या काचा, जाड पडदा, मिणमिणता दिवा. त्या अंधारामागे कायद्याचा इतिहास आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला आणि पिणं ही आडबाजूला उरकायची गोष्ट होऊन बसली. गोव्याला तो कायदा कधी लागला नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा इथे पोर्तुगीज अमदानीतल्या ताव्हेर्न होत्या, आणि 1964 चा अबकारी कायदा आला तो दारूवर कर आणि परवाना बसवायला, तिला बंदी करायला नव्हे. शिवाय सत्तरी-डिचोलीकडे काजूची दारू हे बागायतीचंच एक अंग. मार्च ते मे बोंडू मळून रस काढायचा, आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक आणि तो पुन्हा गाळला की फेणी. काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा मुलखात एकाच टेबलावर आजी हुमण-भात जेवते, जावई बियर घेतो, नातू आइस्क्रीमसाठी हटून बसतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

बिघडतं ते वेगळंच. तासाभराने लक्षात येतं की बोलणं असं झालंच नाही. भावाने नोकरीचं काहीतरी सांगितलं, वयनीला अर्धं ऐकू आलं, तिने विचारलेलं त्याला ऐकू गेलं नाही. टेबलाच्या टोकाला बसलेले बाबा नुसती मान डोलावत होते. बिल देऊन बाहेर गाडीपाशी आल्यावर मग खऱ्या गप्पा सुरू होतात, त्या अर्धा तास उभ्याने चालतात. हे इतक्यांदा घडतं की लोक त्याला बारचा स्वभावच समजतात. गर्दी आहे, आवाज व्हायचाच.

माझं म्हणणं असं, की दोष गर्दीचा कमी आणि खोलीचा जास्त. आणि ती खोली आपणच मागून घेतलेली असते. बारमध्ये फोन करून आपण सांगतो, 'दहा-बारा जणां आसात, बरी सुवात जाय', आणि पलीकडून अभिमानाने उत्तर येतं, 'एसी फॅमिली रूम आसा.' आपण खूश. बाहेरच्या बाजूला गावातली नेहमीची गिऱ्हाइकं, टीव्हीवर क्रिकेट, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर; तिथे घरच्या बायका-पोरांना कुठे बसवायचं? म्हणून आतली किंवा माडीवरची बंद खोली. तिथे आडोसा नक्की मिळतो. आडोसा मिळाला म्हणजे शांतताही मिळाली, हा हिशेब मात्र चुकतो.

तो का चुकतो हे समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. माणूस बोलत किंवा वाचत असताना त्याच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज आपोआप चढतो. गोंगाट बंद केला की आपोआप उतरतो. आपण मोठ्याने बोललो याचा त्या माणसाला पत्ताही नसतो. हे आता लोंबार परिणाम म्हणून ओळखलं जातं. हॉटेलच्या खोलीत त्याचं काय होतं ते उघड आहे. एका टेबलाने आवाज चढवला की दुसरं टेबल चढवतं, ते ऐकून पहिलं आणखी. कुणी उद्धट नसतं, कुणी पिऊन धिंगाणा घालत नसतं, तरी नऊच्या सुमाराला सगळी खोली ओरडत असते. म्हणून 'जरा हळू बोला' असं सांगून काही होत नाही. ही चढाओढ सुरू होण्याआधीच तिला अटकाव करावा लागतो, आणि ते काम भिंती, छत आणि जमीन यांचं.

त्याचं गणित बसवलं हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइनने. 1895 मध्ये तिथल्या फॉग कलासंग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. वक्त्याचा प्रत्येक शब्द काही सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. तरुण सॅबाइनला हे दुरुस्त करायला सांगितलं गेलं. रात्री रहदारी थांबली की तो जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून त्या सभागृहात आणून मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी. या हमालीतून निघालेलं सूत्र आजही वास्तुरचनेत वापरतात: खोलीचं घनफळ घ्या, त्याला 0.161 ने गुणा आणि खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांच्या मिळून आवाज शोषण्याच्या क्षमतेने भागा; येतं ते निनादाच्या विरण्याचं सेकंदांतलं माप. आणि शोषण मोजायला सॅबाइनने एकक कोणतं धरलं? उघडी खिडकी. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचं शोषण पूर्ण, म्हणजे एक. गिलावा केलेली भिंत, काच, चकचकीत फरशी यांचं शोषण शंभरात दोन-तीन. उरलेला सत्त्याण्णव टक्के आवाज टेबलावर परत.

आता आपल्याकडची नेहमीची फॅमिली रूम घेऊ. आठ मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच. खाली विट्रिफाइड टाइल्स, वर जिप्समचं गुळगुळीत छत, एका बाजूला बंद काच. सगळे पृष्ठभाग मिळून 180 चौरस मीटर. त्यांचं शोषण जेमतेम साडेपाच. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर निनाद चार सेकंदांहून जास्त टिकेल. तीस माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं बरंच शोषून घेतात आणि तो सव्वा सेकंदावर येतो. गप्पांना तोही जास्तच. शाळेच्या वर्गासाठी साधारण 0.6 सेकंदाची मर्यादा मानतात. मग याच खोलीची आठ मीटरची एक भिंत काढून टाका. चोवीस चौरस मीटरची उघडी खिडकी झाली. त्याच तीस माणसांत निनाद 0.55 सेकंदावर येतो आणि खोलीत घुमणारी आवाजाची ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते. एवढा फरक पडला की लोंबारची चढाओढ जोरच धरत नाही. एसी मात्र गेला, कारण भिंत काढली की थंड हवाही बाहेर. थंडाव्यासाठी खोली बंद केली की शांततेला मुकावं लागतं, ही खरी अडचण आहे आणि मे महिन्यात ती सोपी नाही.

तीन बाजू किंवा निदान एक लांब बाजू उघडी असलेली जागा या भागात नवी नव्हे. तिसवाडी, बार्देस, सासष्टीच्या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखात, ख्रिस्ती घरांना रस्त्याकडे तोंड केलेला बल्कांव, म्हणजे बसायचा उघडा ओटा असतो. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे आलं. या नव्या काबिजादींतली हिंदू घरं आतल्या राजांगणाभोवती बांधलेली, पुढे सोपा किंवा पडवी. गावातले अनेक जुने बार अशा राहत्या घराच्या पुढच्या भागातच सुरू झाले. बाटल्यांचं कपाट आत, टेबलं पडवीत, वर कौलं. ती जागा आवाजाच्या दृष्टीने चांगली निघाली हा योगायोग. बांधणाऱ्याने हवा आणि पाऊस पाहिला होता. पण उतरतं उंच छप्पर, कौलांच्या फटी आणि समोरची उघडी बाजू यांमुळे तिथे चार टेबलं भरली तरी आपल्या टेबलावरचं बोलणं कळतं. पुढे धंदा वाढला की मालक पडवीला काच लावतो, खाली टाइल्स बसवतो, छताला जिप्सम, आणि पाटीवर 'एसी' लिहितो. सुधारणा सगळ्या दिसायला छान, पण बसणाऱ्याच्या कानाला प्रत्येक महागात पडते. जुन्या पद्धतीच्या फॅमिली रूम, म्हणजे प्लायवूडचे आडोसे आणि जाड कापडाचे पडदे लावलेल्या कोंदट खोल्या, त्या मानाने बऱ्या. चुण्या पाडलेला जाड पडदा आवाज चांगला शोषतो. दिसायला कळकट म्हणून त्या हल्ली मोडीत निघाल्या.

कौलांचं कौतुक पावसाळ्यात आणखी कळतं. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटाकडे सरकावं तसा वाढतो. पडवी पुढे वाढवून वर पत्रा टाकलेला असेल तर जोराच्या सरीत समोरच्याचं तोंड हललेलं दिसतं, शब्द येत नाही. पत्रा पातळ आणि ताणलेला. प्रत्येक थेंब त्याला वाजवतो. मातीचं जाड कौल तसं थरथरत नाही. जून ते सप्टेंबर बसायचं असेल तर टेबलापाशी मान वर करून छत बघावं आणि मगच खुर्ची ओढावी.

पाळी भागात आणखी एक आवाज आहे, तो पावसाचा नाही आणि बारचाही नाही. पाळी, कोठंबी, वेळगे हा लोहखनिजाचा पट्टा. खनिज भरलेले ट्रक एकामागोमाग एक रस्त्याने जात तेव्हा रस्त्याकाठी बसून बोलणं हा विनोद होता. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लिजं रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक थांबले तसे कित्येक घरांतली मिळकतही थांबली. रस्ता शांत झाल्याचा आनंद तेव्हा कुणी बोलून दाखवला नाही, आणि ते बरोबरच होतं. 2024 मध्ये लिलावातून दिलेली डिचोलीची खाण सुरू झाली आणि वाहतुकीचा प्रश्न परत आला. ट्रकची घरघर हा खालच्या पट्टीतला आवाज. अशा जोरदार खालच्या आवाजात वरच्या पट्टीतले आवाज झाकले जातात, उलट तितकंसं होत नाही. बियरच्या काचेच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, जुना एसी, जनरेटर हे सगळे याच जातीचे. मोठे वाटत नाहीत, पण शब्द खातात. म्हणून फ्रिजशेजारचं टेबल, कितीही कोपऱ्यातलं असलं, तरी सोडून द्यावं.

आणि शब्द पहिल्यांदा कुणाचे जातात? घरातल्या म्हाताऱ्यांचे. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते पोचतात. स, श, त, क, फ यांसारखी व्यंजनं बारीक, ती बुडतात. मग काका, दादा, बाबा, मामा हे सगळं एकच आ-आ होऊन जातं आणि वाक्य अंदाजाने लावावं लागतं. तरुण कान गोंगाटातून एक आवाज वेगळा काढू शकतो. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरीने 1953 मध्ये याच क्षमतेचा अभ्यास केला. साठी-सत्तरीच्या माणसाला हे जमतं, पण मेहनतीने. बोलणं गोंगाटाच्या बरंच वर असावं लागतं. तासभर अशी मेहनत केली की माणूस थकतो आणि मान डोलवायला लागतो. आपण म्हणतो, बाबा हल्ली फारसे बोलत नाहीत.

त्यांच्यासाठी दोन गोष्टी करता येतात आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत. त्यांना भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यात बसवावं, म्हणजे मागून येणारा गोंगाट अडतो. श्रवणयंत्र लावत असतील तर आधी यंत्र कसलं आहे ते पाहावं. बऱ्याच नव्या यंत्रांचे मायक्रोफोन समोरचं जास्त टिपतात, तेव्हा भिंतीऐवजी बाकीचा हॉल पाठीमागे असावा आणि समोर कुटुंब. दुसरी गोष्ट उजेडाची. ओठ बघून आपण सगळेच थोडंफार ऐकत असतो, ऐकू कमी येणारे जास्त. निळ्या-जांभळ्या दिव्यांचा बार त्यांचा हा आधार काढून घेतो. बोलणाऱ्यांच्या तोंडावर उजेड पडेल असं टेबल हवं; संध्याकाळच्या झगमगाटापेक्षा दुपारची पडवी इथेही सरस.

टेबल मांडण्यातही आपण हौसेने चूक करतो. बारा माणसं म्हटली की वेटर तीन टेबलं जोडतो आणि सगळे एका लांब रांगेत बसतात. फोटो छान येतो. पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवरच्या माणसाला जे ऐकू येतं ते चार मीटरवरच्याला बारा डेसिबलने कमी. टोकाला बसलेल्याने टोकाशी बोलायचं तर ओरडायला हवं, आणि ओरडलं की लोंबार आलाच. रॉबिन डनबार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये लोकांच्या आपसूक जमलेल्या घोळक्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा एका संभाषणात साधारण चारपेक्षा जास्त माणसं टिकत नाहीत असं दिसलं. पाचवा आला की गप्पा फुटून दोन होतात. तेव्हा बारा जणांची तीन टेबलं जवळजवळ पण सुटी ठेवावी आणि हुमण संपून सोलकढी येते त्या वेळी जागा बदलाव्या. एकाच रांगेत सगळ्यांना बसवण्यात कुटुंबाची एकी दिसत असेल, भेट होत नाही.

वेळेचं गणित बाहेरून येणाऱ्याला माहीत नसतं, स्थानिकाला पाठ असतं. रविवारी दुपारी माशासाठी सगळा तालुका बाहेर पडतो. बुधवारी डिचोलीचा बाजार, तेव्हा बाजाराजवळच्या जागा भरलेल्या. सोमवार हा बहुतेक हिंदू घरांत शिवराकाचा, म्हणजे शाकाहाराचा, त्यामुळे मासळीवर चालणारे बार त्या दिवशी ओस. सोमवारी मासे खाणारं कुटुंब असेल तर त्याच्यासारखी चंगळ नाही. पाळणारं असेल तर मालकाला आदल्या दिवशी सांगून भाजी-डाळ करून घ्यावी, मोकळा असल्यामुळे तो मनापासून करतो. श्रावणात हीच स्थिती महिनाभर. एप्रिल-मे मध्ये मात्र हुर्राकसाठी रीघ लागते, तेव्हा संध्याकाळी शांत टेबलाची आशा धरू नये.

डिचोलीपेक्षा पेडण्याकडे पाहुणे जास्त ओढ घेतात: समुद्र आहे, आणि जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने उतरल्या उतरल्या तिकडेच वळायचं मनात येतं. किनाऱ्यावरच्या शॅकला भिंती नसतात, सॅबाइनच्या हिशेबाने ते आदर्श; त्यांचं बिघडतं लाउडस्पीकरमुळे. केंद्राच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. मोरजी आणि मांद्रेच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. शांत संध्याकाळ हवी असलेल्या कुटुंबाने त्या बाजूला जागा शोधावी असं मी सांगतो. कासवांच्या निमित्ताने का होईना, आवाजावर तिथे लोकांचा डोळा असतो.

उघड्या बाजूची एक दुसरी बाजू मात्र सांगायला हवी. सॅबाइनच्या खिडकीतून गेलेला आवाज खोलीपुरता नाहीसा झाला, जगातून नाही. तो शेजारच्या घरात गेला. गोव्यातल्या गावांत बारविषयी जो राग साचतो त्यात हा भाग असतो. चोर्ला घाटातल्या सुर्ला गावच्या लोकांनी 2024 मध्ये गावातले बार बंद करा म्हणून मागणी केली, तेव्हा घाट चढून येणाऱ्या पर्यटकांचा दंगा हे त्यांचं मोठं गाऱ्हाणं होतं. मग उघड्या पडवीतल्या कुटुंबाच्या गप्पाही अशा दंग्यात मोडतात का? आकडे पाहू. साधं बोलणं एक मीटरवर 60 डेसिबल. अंतर पाच वेळा दुप्पट केलं की 32 मीटर, आणि उतार 30 डेसिबलचा. एकाच वेळी दहा माणसं बोलत आहेत असं धरलं तरी 32 मीटरवरच्या घरात 40 डेसिबल पोचतात, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 आहे. त्याच पडवीत एक मीटरवर 95 डेसिबल देणारा स्पीकर ठेवला की त्या घरात 65 पोचतात, म्हणजे मर्यादेहून वीसने जास्त, शंभरपट ऊर्जा. तेव्हा फोनवर मालकाला एसी आहे का ते विचारण्याऐवजी एवढंच विचारावं: पडवीत टेबल आहे का, वर कौलं आहेत का, आणि त्या संध्याकाळी 'म्युझिक' आहे का. शेवटच्या प्रश्नाला 'आसा, आसा, लाईव्ह म्युझिक' असं उत्साहाने उत्तर आलं, तर दुपारचं टेबल मागावं.